बेबीनंदाच्या हजेरीतला चोवीस नंबर

फोन आला तेव्हा मी अमरावतीला विभागाच्या बैठकीत होते. पटसंख्येचा विषय चालू होता. बेबीनंदाच्या नवऱ्याचं नाव दिसलं म्हणून बाहेर व्हरांड्यात आले. सुधाकरभाऊ एवढंच म्हणाले, "ताई, बेबी गेली. शाळेत निघाली व्हती, पायात चप्पल घालता घालता बसली..." मी विचारलं, किती वाजता नेणार आहात? ते म्हणाले, चार. मी आत जाऊन फाइल उचलली आणि दर्यापूर-अकोटच्या गाडीत बसले. रडू आलं नाही. गाडीत मी हिशेबच करत होते, की आमचं शेवटचं बोलणं कधी झालं आणि त्यात ती मला नेमकं काय म्हणाली. तिचं शेवटचं वाक्य आठवलं आणि मग अकोट येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. ते वाक्य पुढे येईलच.

बेबीनंदा माझी डी.एड.ची मैत्रीण. अकोल्यात आम्ही दोन वर्षं एका वर्गात होतो. मी अकोल्यातल्याच वकिलाची मुलगी, ती मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराची. पाठ घेताना ती मुलांशी सरळ वऱ्हाडीत बोलायची. आमचे प्राध्यापक वैतागून म्हणायचे, बाई, प्रमाणभाषेत बोला. ती म्हणायची, "सर, पुस्तकातलं पुस्तकातल्या भाषेत सांगतो, पन पोट्ट्याले समजलं नाई त त्याले कोनत्या भाषेत इचारू?" सगळा वर्ग हसायचा, सरही. पुढे ती बी.एड. करून हिवरखेडच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलवर गणिताची शिक्षिका झाली, त्याच गावात तिचं लग्न झालं आणि ती तिथून हलली नाही. मी परीक्षा देत देत शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी झाले. फिरून फिरून तिची शाळा माझ्याच बीटमध्ये, म्हणजे माझ्या तपासणीच्या हद्दीत आली. चारचौघांत ती मला "मॅडम" म्हणायची, आणि कोणी नसलं की "काय व वकिलीन".

आता दुसऱ्या एका शाळेबद्दल सांगायला हवं. नाव लिहीत नाही. प्रवेशपरीक्षा घेऊन पाचवीनंतर मुलं निवडणारी, राहण्याजेवण्याची सोय असलेली सरकारी शाळा. आमच्याकडे तिथे नंबर लागणं म्हणजे घरावर गुढी उभारण्यासारखं. माझ्या मुलाचा, आशुतोषचा नंबर लागला तेव्हा मी कार्यालयात आणि गल्लीत पेढे वाटले. बेबी भेटायला आली, पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "किती पोट्टे बसले व्हते परीक्षेले?" मी आकडा सांगितला. "अन् घेतले किती?" तोही सांगितला. ती म्हणाली, "मंग शाळा चांगली हाय का पोट्टे चांगले हायत, हे कसं समजनार व? आमच्या बापाच्या बागेत तोडा झाला की एकसारखी संत्री निवडून पेटी भरतात. पेटी उघडून कोनी म्हनलं, वा, पेटी काय झ्याक हाय... बाकीच्या ढिगाचं काय केलं, ते पाह्य ना."

मला राग आला. तिचं पोरगं तिथे लागलं नव्हतं म्हणून ती असं बोलते, असं मी मनात म्हटलं. खरं म्हणजे तिने त्याला परीक्षेला बसवलंच नव्हतं, आणि हे मला माहीत होतं.

आशुतोष तिथे शिकला, चांगला शिकला. प्रयोगशाळा होती, ग्रंथालय होतं, संध्याकाळी सात वाजता अभ्यासिकेत शिक्षक स्वतः बसायचे. हे खोटं नव्हतं आणि आजही मी ते खोटं म्हणणार नाही. पण तिथून काही मुलं परतही यायची. आठवीच्या शेवटी पालकांना बोलावून सांगायचे, मुलाला झेपत नाहीये, त्याच्यावर ताण येतोय, तुम्हीच अर्ज द्या, दाखला लगेच देतो. शेतातून उठून आलेला बाप साहेबांच्या खुर्चीसमोर अर्जावर सही करायचा. कागदावर कारण यायचं: पालकांच्या विनंतीवरून. दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के.

ही परत आलेली मुलं बेबीच्या वर्गात यायची. ती नववीची वर्गशिक्षिका. जूनअखेर नवं हजेरीपत्रक करताना, तीन वर्षांपूर्वी गावातून निवड होऊन त्या शाळेत गेलेल्या मुलांसाठी ती तेवढे क्रमांक रिकामे ठेवायची. नुसते ठेवायची नाही, हजेरी घेताना ते पुकारायचीही. वर्गाने त्यावर "यायचा हाय" किंवा "यायची हाय" असं उत्तर द्यायचं, हा तिच्या वर्गाचा रिवाज होता. एका तपासणीत मला ते रिकामे रकाने दिसले. आमच्या नियमात हे बसत नाही. अनुक्रमांक सलग हवेत. मी शेरेबुकात लिहिलं, "हजेरीपत्रकात क्रमांक रिकामे आढळले. खुलासा करावा." तिने माझ्यासमोरच खाली एका ओळीत खुलासा लिहिला: "मुलं परत येतात तेव्हा आपली जागा आहे हे दिसावं म्हणून."

"हा काय खुलासा झाला?" मी म्हटलं.

"मंग तुमी शिकवा मॅडम, खुलासा कसा लिहाव ते." मुख्याध्यापक बाहेर गेल्यावर तिने मला वर्गाच्या खिडकीशी नेलं आणि शेवटच्या बाकावरची एक मुलगी दाखवली. पायल. गावातली सगळ्यात हुशार म्हणून गेलेली, आणि मे महिन्यात परत आलेली. "दीड महिना घरातून निंघाली नाई. मले म्हने, बाई, मी ढ हावो. तिले म्या सांगतलं, तुहा नंबर सतरा हाय, जूनपासून पुकारून राहिली मी, रोज पोट्टे म्हनतात यायची हाय, तू त्यायले खोटं पाडतं काय? तवा आली." पायल पुढे दहावी झाली, आता नर्सिंगला आहे. बेबीने एक मुलगी सावरली, असं मी तेव्हा मनात म्हटलं आणि जीपमध्ये बसले. शेरा तसाच राहिला. तो खोडायला हवा होता, असं मला वाटलंसुद्धा नाही.

तीन वर्षांपूर्वी त्या शाळेचं नाव मोठ्या पुरस्कारासाठी गेलं. शाळा खरोखर त्या लौकिकाची आहे का, हे पाहायला विभागाने तिघांची समिती नेमली, त्यात मी होते. माझा मुलगा तिथे शिकला आहे, हे मी सांगितलं. बाकीचे दोघे हसले, "मग तर काय, आपलीच शाळा!" मीही हसले. खरं तर मी तिथेच उठायला हवं होतं. बेबीला कळलं तेव्हा ती बस बदलून अकोल्याला माझ्या घरी आली. चहा ठेवू दिला नाही. म्हणाली, "तुले जास्त काही करायचं नाई. एकच इचार. सहावीत किती घेतले अन् त्यातले दहावीले किती बसले. दाखल-खारीज रजिस्टर मांग अन् मोज. त्यायच्या निकालाच्या बाजूले हा आकडा लिहून ठेव. मंग द्या म्हना पुरस्कार. आकडा एकदा कागदावर आला की पुढच्या साली कोनाले काढतानी ते दहादा इचार करतीन." मी म्हटलं, विचारीन. "नक्की?" "अगं हो."

भेटीच्या दिवशी गुलाबाची फुलं, मुलींचं स्वागतगीत, निकालाच्या फलकावर नवा सोनेरी रंग. प्राचार्यांनी मला मुद्दाम त्या फलकापाशी नेलं, आशुतोषच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हा आमचा हिरा." माझ्या नावाचीच पाटी लागल्यासारखी मी फुलले. सगळं पाहिलं. स्वयंपाकघर पाहिलं, भाताची चव घेतली, नळ सोडून पाहिले. या कामात मी कच्ची नाही. मग कार्यालयात बसलो. दाखल-खारीज रजिस्टर टेबलावर होतं, मागावंही लागलं नाही. मी त्यावर हात ठेवून बसले होते. तपासणीच्या नमुन्यात गळतीचा, म्हणजे मध्येच शाळा सोडून गेलेल्या मुलांचा रकाना होता आणि शाळेने त्यात आधीच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, निरंक. म्हणजे काही नाही, शून्य. सोबतचे म्हणाले, जेवण तयार आहे. मी पेन काढलं, पेन्सिलीवरून निळ्या शाईने "निरंक" गिरवलं आणि सही केली. रजिस्टर उघडलं नाही. मोजलं असतं तर लिहावं लागलं असतं, आणि लिहिलं असतं तर त्या फलकावरच्या माझ्या मुलाच्या नावाचाही रंग थोडा उतरला असता... हे मला त्या क्षणी कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

संध्याकाळी बेबीचा फोन. "इचारलं काय व?"

"अगं, वेळच नव्हता. फार घाईत झालं सगळं."

ती म्हणाली, "बरं." पुढे तीन वर्षं तो विषय तिने काढला नाही. पुरस्कार मिळाला, वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मी उजवीकडून दुसरी. मुलं परत येणं थांबलं नाही. उलट आता पुरस्कार सांभाळायचा होता.

या जुलैत मी तिच्या शाळेत गेले होते, तीच आमची शेवटची भेट. हजेरीत चोवीस नंबर रिकामा होता. ज्या मुलीचा तो नंबर, ती मे महिन्यात त्या शाळेतून परत आली होती आणि कुठल्याच शाळेत जात नव्हती. बेबी दर शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी जायची. मी म्हटलं, मी येऊ का? तिने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "तू कायले येतं? तुह्या कागदावर त त्या शाळेतून कोनी पोरगी गेलीच नाई." हेच ते वाक्य. त्यात राग नव्हता. पाढ्यातली चूक दाखवावी तसं ती बोलली, आणि मग मला घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी दिली.

तेराव्याला गेले तेव्हा जेवण झाल्यावर त्या मुलीचं घर विचारत गेले. आई दारात सरकी पाखडत होती. मी म्हटलं, मुलीला भेटायचंय. पडदा हलला, पण कोणी बाहेर आलं नाही. आई म्हणाली, "शनवारी बाई येत व्हत्या. अर्धा घंटा बसत, कधी बोलत, कधी नाई. तुमी कोन?" मी अधिकारी आहे म्हणाले, आणि माझं मलाच विचित्र वाटलं. पडद्याकडे तोंड करून मी सांगितलं, की मीही शनिवारी येईन. त्यानंतरचे तीन शनिवार मी गेले आहे. अजून ती बाहेर आलेली नाही. त्या समितीच्या अहवालातला गळतीचा रकाना मी न तपासता भरला होता, असं मी विभागाला लेखी कळवलं आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल. यात धैर्य वगैरे काही नाही. तीन वर्षं उशीर आहे. त्या शाळेचा लौकिक खरा का, असं मला आता कोणी विचारलं तर मी म्हणेन, जी मुलं शेवटपर्यंत राहिली त्यांच्यापुरता खरा. पण शाळेची परीक्षा मुलं निवडताना होत नाही, ती निवडलेलं मूल अडखळतं तेव्हा होते. बेबीने हे मला पेढा खाताना सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात बेबीच्या शाळेच्या तपासणीला गेले. नववीच्या वर्गावर नवे सर आले आहेत. मी दारात उभी राहिले तेव्हा ते हजेरी घेत होते. बावीस. तेवीस. पंचवीस... वर्गातून एकदम आवाज आला, "सर, चोवीस राह्यला!" सर म्हणाले, चोवीसला कोणी नाही. "हाय ना सर! यायची हाय!" त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. तासानंतर कार्यालयात येऊन म्हणाले, "मॅडम, तो नंबर भरून टाकू का? मागे एकदा शेरा आलाय म्हणतात." शेरेबुक त्यांनी आणलंच होतं. पान उघडलं. वर माझी वळणदार सही, खाली बेबीचं एका ओळीचं अक्षर. मी माझा जुना शेरा खोडला आणि खोडल्याची सही केली. मग आजच्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं, "नववीचे हजेरीपत्रक पाहिले. क्रमांक चोवीस रिकामा आहे, तो तसाच ठेवावा व रोज पुकारावा." पुढे त्रुटींचा रकाना होता. त्यात मी लिहिलं, निरंक. हा शब्द मी आधीही एकदा लिहिला होता.