आजोळची कुंची

भाचीच्या बारशाला चार दिवस राहिले आणि नळदुर्गला आमच्या घरी आईच्या शिलाई मशीनचं शटल तुटलं. सुईखाली दोरा धरतं ते. कुंची आजोळचीच लागते, आणि ती आजीनंच शिवलेली. "विकतची आणू की," म्हणालो, तर आई म्हणाली, "मग आजीबी विकतचीच आण."

धाराशिवच्या दुकानदारानं तुटका तुकडा हातात घेऊन मयताला आल्यासारखा चेहरा केला. "हे मॉडेल बंद पडून जमाना झाला. मशीनच नवी घ्या." अहो, माझ्या आईला नवा झारा चालत नाही, मशीन कुठून चालणार! शेजारच्यानं डबा उपडा करून एक शटल काढलं. "डिट्टो तेच हाय, बिनधास्त न्या." घरी आणलं, बसेना. तेच घेऊन तिसऱ्या दिवशी मुरुमला गेलो. तिथल्या म्हाताऱ्या टेलरनं कानडी हेल काढत, कानशीनं घासून घासून ते बारीक केलं. घरी येऊन बसवलं. झकास बसलं. फक्त मशीन हलेना.

मी वैतागून पाना आपटला, तेव्हा आई हळूच म्हणाली, "तसलंच एक हाय. देवघरात."

मग तिनंच सगळं सांगितलं. खंडेनवमीला अवजारं पुजायची, त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. पण तेव्हा दिवाळीची शिवणं अंगावर असायची, आईला मशीन बंद ठेवून कसं चालेल? म्हणून वडिलांनी पूजेपुरतं दुसरं शटल आणलं होतं. देवही खूश, आईही मोकळी. वडील गेले आणि शटल तिथंच हळदीकुंकू खात बसलं. मी मेला रोज त्याला हात जोडत होतो, कुठल्यातरी देवाचा टाक समजून.

"मग आधी का न्हाय सांगितलंस? तीन दिवस उन्हातान्हात हिंडवलंस मला!"

"त्यांनी ठेवलंय ते. माझ्या हातानं कसं काढू?"

शेवटी तिनंच काढलं. कपाळाला लावलं, रॉकेलनं धुतलं, तेल सोडलं. मशीन एकदा खडखडली आणि पळत सुटली. मला यायला हवा होता राग, आलं रडू.

पांढऱ्या मलमलीच्या कुंचीला कडेनं लाल ठिपके उमटले. इतकं धुऊनही शटलच्या खाचेत कुंकू राहिलंच होतं.

"झालं वाटोळं," मी म्हणालो. "आता दुसरं कापड आणू?"

"लई शहाणा हायेस. राहू दे तसंच," आई म्हणाली. "आजोबानं लावलंय नातीला."