एकातून वजा

माझी थोरली मावशी एका शेअरदलालाच्या कचेरीत ऑप्शनच्या किमती काढायची. ऑप्शन म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. टेबलावर कॅल्क्युलेटर आणि काचेखाली संख्याशास्त्रातल्या नॉर्मल वितरणाचा छापील तक्ता. सूत्रातून आलेला आकडा तक्त्यात शोधायचा, की किंमत निघे. असे शंभर हक्क विकले तर नुकसान टाळायला किती शेअर जवळ ठेवायचे, तेही त्यातूनच कळे. पण तक्ता फक्त शून्याच्या वरचा होता. आकडा उणे आला, तर सापडलेलं उत्तर एकातून वजा करावं लागे.

त्या सकाळी बाजार कोसळायला लागला. सौदे करणाऱ्याला सगळे रेडा म्हणत. तो मावशीच्या डोक्यावर येऊन उभा राहिला. "हात चालवा, बाई." आकडा आला उणे अर्धा. घाईत तिची वजाबाकी राहिली. शंभरामागे एकतीसऐवजी एकोणसत्तर शेअर निघाले. रेड्याने तेवढे घेतले, भाव आणखी गडगडला आणि जादा शेअरांवर मोठं नुकसान झालं.

तो परतला. त्याने मागून तिचे केस मुठीत धरले आणि तोंड टेबलावर आदळलं. काच फुटली. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा तुकडा डोळ्यात घुसला. कारकून पुतळ्यासारखे उभे. तिसऱ्या वेळी मावशीच्या हाताला कॅल्क्युलेटर लागला. जुना, विटेसारखा जड. तो तिने मागे वळून त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडलं, तो खाली पडला, तरी ती मारतच राहिली. बटणं उडाली, दोन दात पडले. शेवटी शिपायाने तिला कमरेला धरून ओढलं.

इस्पितळात मालक आला. "चूक तुमचीच होती ना? मग मिटवून टाका."

"चूक माझीच. त्याबद्दल कामावरून काढा. पोलिसांत दिलेली तक्रार मागे घेणार नाही."

मालकाने काढलं. रेड्याला कैद झाली. पडलेल्या माणसाला मारल्याबद्दल मावशीलाही दंड झाला. तिचा डावा डोळा गेला. पुढे दुसऱ्या कचेरीत, एका डोळ्याने तक्ता वाचत, तिने निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं.

दंडाचा मला फार राग यायचा. एकदा तसं बोलून गेले.

"बरोबर होता दंड," ती म्हणाली. "पहिला फटका जीव वाचवायला होता. नंतरचे मला मारायचेच होते."