जयंतीला निघालेली कॅसेट

नव्वदच्या दशकात मी पन्हाळा तालुक्यात सरकारी नर्स होते. राहायला कोल्हापुरातच, माहेरच्या वस्तीत, भावाच्या घराला लागून. रोज सकाळी कोडोलीची एसटी पकडायची. ती वेळेवर लागत नसे, आणि फलाटाच्या टोकाला कॅसेटचा एक गाडा होता. त्यामुळे मला गाण्यातलं कळायला लागलं. त्यात आवडीचा भाग कमी होता, एसटीचा जास्त.

गाड्यावर पुढे सिनेमाच्या कॅसेट मांडलेल्या असत. आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी स्वतः काढलेल्या कॅसेट खाली पुठ्ठ्याच्या खोक्यात. जोतिबाची गाणी, भजनं, पोवाडे, आमच्या समाजाची भीमगीतं, सासू-सुनेच्या भांडणाची एक विनोदी कॅसेट. कुणी घरातली म्हैस विकून काढलेली, कुणी भिशी उचलून. त्यांची जाहिरात कुठे येत नसे. नवीन काही निघालंय हे कळायचं ते गाडेवाल्याच्या तोंडून, नाहीतर रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवरून.

"शिष्टर, नवीन आलंय बघा," गाडेवाला म्हणायचा. "गाणारा झकास हाय, पेटीवाला तेवढा झोपलाय."

"लाव दोन मिनिटं."

"दोनच मिनिटं ऐकतासा आणि नको म्हणून जातासा. माझी बॅटरी खाल्लीसा तुम्ही."

तो लावायचा. पहिली पाच मिनिटं नुसती नावंच असत. कॅसेट कुणाच्या आशीर्वादाने निघाली, सरपंच कोण, ढोलकीवर कोण, चहापाण्याची सोय कुणी केली. मग गाणं. एका कॅसेटमध्ये कडव्याच्या मध्येच कुत्रं भुंकलेलं होतं, आणि ते तसंच ठेवलेलं. दहातल्या आठ कॅसेट टाकाऊ असत. उरलेल्या दोनसाठी मी त्या खोक्यापाशी वाकत असे.

माझी वहिनी नेसरीची. तिचे वडील शेतमजुरी करायचे आणि गायन पार्टीत एकतारी वाजवायचे. आमच्याकडे गायन पार्टी म्हणजे पेटी, ढोलकी, तीन-चार माणसं, आणि लग्न, बारसं, जयंती अशा कार्यक्रमांना जाऊन म्हटलेली गाणी. वहिनी लहानपणापासून वडिलांच्या मागे बसून कोरस धरायची. लग्न होऊन कोल्हापूरला आली तेव्हा भाऊ फाउंड्रीत कामाला होता. दिवसा ती पोरं बघायची, शिलाईकाम करायची, आणि वस्तीत कुणाचं लग्न निघालं की तिला गायला बोलावणं यायचं. आवाज जाड होता, खालच्या पट्टीतला. ती गाणं संथ म्हणायची, घाई तिला जमत नसे.

तिला एकच हवं होतं. पोस्टरवर स्वतःचं नाव यावं आणि गायन पार्टी तिच्या नावाने ओळखली जावी. हे ती उघड बोलायची. "कुठंबी गेलो तरी फाउंड्रीवाल्याची मंडळी गाणार हाय म्हणत्यात. माझं नाव काय उंदरानं खाल्लंय?"

भाऊ म्हणायचा, "नाव कशाला पायजे? चपाती गोल येती न्हवं?"

"चपातीवर नाव घालून देऊ का उद्या?"

पण कॅसेट काढायची ठरली तेव्हा सगळी धावपळ भावानेच केली. एका माणसाने घराच्या मागच्या खोलीत स्टुडिओ केला होता. खिडक्यांना वाकळा बांधलेल्या, पंखा बंद, आत चुलीवर बसल्यासारखं उकडायचं. वहिनीने दोन दिवसांत आठ गाणी म्हटली. कव्हरसाठी फोटो काढला. आमच्यात विहारात आणि जयंतीला बायका पांढरी साडी नेसतात, तशी ती पांढरी साडी नेसून बसली. खाली मोठ्या अक्षरांत तिचं नाव आलं. त्या दिवशी ते कव्हर तिने पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं आणि समोर बसून भाजी चिरली.

घोळ झाला तो कॅसेट काढण्याच्या वेळेचा. भीमगीतांची कॅसेट एप्रिलातच निघते, बाबासाहेबांच्या जयंतीला, असा आमच्याकडे रिवाज. मिरवणुकीत ट्रकवर वाजली की ती चालली, नाही वाजली की खोक्यात गेली. वहिनीची गाणी मिरवणुकीची नव्हतीच. ए बाजूला भावाच्या मित्रांनी दोन-तीन उडती गाणी घालायला लावली होती. बी बाजू तिने स्वतःच्या मनाची ठेवली. त्यात पहिलंच गाणं सहा डिसेंबरच्या, बाबासाहेब गेले त्या रात्रीचं होतं, शब्द आणि चाल तिची. 'वात वर सारा गं, अजून रात हाय' असं ते सुरू व्हायचं. ती म्हणाली, डिसेंबरात काढू. मित्र म्हणाले, "वैनी, डिसेंबरात अर्धी वस्ती मुंबईला चैत्यभूमीवर जाती. कॅसेट काय कुत्र्यानं घ्यायची?" वस्तीत कुणालाच डिसेंबरची कल्पना पटली नाही. एप्रिलात निघाली.

जयंतीच्या संध्याकाळी आमच्या मंडळाच्या ट्रकवर ती लागली. वहिनी विहाराच्या पायरीवर उभी होती, शेजारी मी. एक गाणं झालं. दुसऱ्याला पोरांचे हात खाली आले. "बदल की रं! नाचायचं का झोपायचं?" ट्रकवरच्याने कॅसेट काढली, दुसरी घातली, आणि पोरं पुन्हा उड्या मारायला लागली. कुणाचा वाईट हेतू नव्हता. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

"चला, स्वयंपाक राह्यलाय," ती म्हणाली आणि घरी गेली.

उरलेल्या कॅसेट मी गाडेवाल्याकडे दिल्या. त्याने लावून बघितली आणि हात हलवला. "आवाज हाय की. पण शिष्टर, ह्यो माल उठायचा न्हाय. ह्याच्यावर नाचायचं कसं?" आणि कॅसेट खोक्यात टाकल्या.

दिवाळीच्या आसपासची गोष्ट. लसीकरणाची पेटी घेऊन मी कोडोलीजवळच्या एका गावात चालले होते. विहाराच्या मागच्या गल्लीतून वहिनीचा आवाज आला. टेपच होती, पण मी थबकले. वात वर सारा गं. मला खरोखर आनंद झाला. म्हटलं, पोचली म्हणायची एकदाची. पावलं उचलत गल्लीत शिरले. दारात चपलांचा ढीग होता. अंगणात माणसं खाली बघत बसलेली. आत चादरीवर एका म्हाताऱ्याचा फोटो, फुलं, मेणबत्त्या. त्याच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीचा, दिवस होता.

एक बाई उठून पुढे आली. "या, शिष्टर."

"ही कॅसेट कुणाची?"

"विहाराची हाय. कुणी गेलं की आणत्यात. लई रडू येतं बघा, जीव हलका हुतो."

"विकत कुठं मिळाली?"

"कुणास ठाऊक. घरात कोण ठेवणार ही? काम झालं की परत विहारात."

मी घरच्यांचं सांत्वन केलं, लसीकरण उरकलं आणि संध्याकाळी वहिनीला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. आपलं गाणं कुठे वाजतंय हे गाणाऱ्याला कळायलाच हवं. ती शिलाईच्या मशीनवर होती. पाय थांबले.

"लोकं ऐकत्यात म्हणा की," ती म्हणाली.

"ऐकत्यात."

"मग चांगलंच हाय." मशीन पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर मला ती सगळीकडे ऐकू यायला लागली. पन्हाळ्याच्या वाटेवर, एकदा तिच्या माहेरी नेसरीकडे गेले तिथेही. एका वस्तीत एकच कॅसेट असायची, विहाराच्या कपाटात. दुसऱ्या वस्तीने तिच्यावरून उतरवून घेतलेली, तिसरीने दुसरीवरून. आवाज घासून भसाडा व्हायचा, तरी लावायचे. विकत घेणारा कुणी नाही आणि न ऐकलेलाही कुणी नाही. खोक्यातल्या शेकडो कॅसेटींत एवढी पसरलेली मी दुसरी बघितली नाही.

आमंत्रणंही यायला लागली, वहिनीच्या नावाने. पोस्टर निघत नसे, पण छापलेल्या निमंत्रणात खाली ओळ असायची, 'गायिका', आणि पुढे तिचं पूर्ण नाव. आमंत्रणं सगळी पुण्यानुमोदनाची. सुरुवातीला ती आनंदाने गेली. पेटीवाला, ढोलकीवाला ठरले, पार्टी उभी राहिली. पण लग्नांची बोलावणी कमी होत होत थांबली. बारशाची तर आधीच. शेजारच्या गल्लीत मोठं लग्न झालं, त्यात सांगलीहून पार्टी आणली. मी विहार समितीतल्या एका शहाण्या गृहस्थांना तोंडावर विचारलं.

"आपण शकुन-अपशकुन मानत न्हाय, ताई," ते म्हणाले.

"मग?"

"मानत न्हाय. पण बायका ऐकत न्हाईत की."

बायकांना विचारलं तर त्या म्हणाल्या, पुरुष ऐकत नाहीत.

वहिनीला कळत नव्हतं असं नाही. तिने ए बाजूसारख्या उडत्या चालीही बसवून बघितल्या. घरात म्हणायची आणि मध्येच सोडून द्यायची. दुसरी कॅसेट काढू म्हणून स्टुडिओवाल्याकडे गेली, तर तो म्हणाला, "तसलंच काढा, मयताचं. तेच चालतंय तुमचं." ती चहा न पिता परत आली.

पुढे दोन हजार साल उलटलं. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, गाडेवाल्याने पुठ्ठ्याचं खोकं काढून प्लॅस्टिकचं आणलं. मोठ्या भाच्याचं लग्न मीच जमवलं. मुलगी कोडोलीची, माझ्या ओळखीतल्या घरातली. दोन वर्षांपूर्वी त्या घरातला थोरला मुलगा मोटरसायकलवरून पडून गेला होता. तेव्हा त्या घरी जाऊन आलेली मी, तिथे कुठली कॅसेट लागली होती हे मला माहीत होतं. लग्नाच्या गडबडीत ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

लग्न लागलं. गाथा झाल्या, फुलं पडली. जेवणाला अवकाश होता म्हणून पार्टी गात होती. भाच्याने माइक घेतला आणि म्हणाला, "आता माझी आई एक गाणं म्हणंल."

वहिनी मागे भांड्यांपाशी होती. "नको रं. पावण्यांस्नी वाढायचं हाय."

"एकच, आई. माझ्या लग्नात न्हाय तर कधी?"

भाऊही म्हणाला, "म्हण की. एवढं काय आढेवेढे?"

ती पदर खोचून आली. मला हळूच म्हणाली, "वन्सं, हळदीचं म्हणतो." ते खरंच हसतं-खेळतं गाणं होतं, नवऱ्या मुलाच्या गोंधळाचं. ढोलकीवाल्याने ठेका धरला. तिने धृपद घेतलं. आवाज इतक्या वर्षांतही तसाच होता, जाड आणि स्वच्छ. ती हसून गात होती.

दुसऱ्यांदा धृपदाला आली तेव्हा पहिल्या रांगेत नवरीच्या आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, लेक सासरी निघाली म्हणून. मग शेजारची एक म्हातारी रडायला लागली. मग तिच्या मागच्या दोघी. व्यासपीठावर नवरी खाली बघत होती, खांदे हलत होते. ढोलकी वाजतेय, गाण्यात नवरा मुलगा धोतरात अडकून पडतोय, आणि निम्मा मंडप डोळे पुसतोय. नवरीच्या आईला हुंदका आला आणि तिने मोठ्याने मेलेल्या लेकाच्या नावाने हाक मारली.

वहिनी कडव्याच्या मध्येच थांबली. माइक ढोलकीवाल्याच्या हातात दिला, खाली उतरली आणि विहीणबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसली.

"बंद केलं बघा, आक्का. बंद केलं. रडू नका."

"तुमचा काय दोष न्हाय हो," त्या म्हणत होत्या. "आवाज आला आणि मला वाटलं, दारात आणलाय त्याला."

"व्हय. व्हय." वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग वळून भावाला म्हणाली, "बघतासा काय? पंगत बसवा की."

पंगत बसली. ती शेवटपर्यंत वाढत होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी मोठी पातेली घासत होतो. तिने एक पातेलं पालथं घातलं. मग म्हणाली, "वन्सं, गाणं कुणी ऐकलंच न्हाय. आवाजच ऐकला."

"तळाला राख लाव, निघंल," मी म्हटलं.

त्यानंतर तिने गाणं बंद केलं. जाहीर काही केलं नाही. पेटीवाला दोनदा विचारायला आला आणि मग दुसऱ्या पार्टीत गेला. घरातही ती गुणगुणेनाशी झाली. सून आधी चार दिवस घाबरून असायची, तिला वाटायचं सासूबाईंचा राग आहे. राग नव्हता. सुनेच्या बाळंतपणात वहिनीने रात्रंदिवस केलं. फक्त नातवाला झोपवताना ती त्याला नुसती थोपटायची.

एकदा कोडोलीकडचे दोघेजण मोटरसायकलवर आले. त्यांचे वडील वारले होते, तिसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. जय भीम झालं, पाणी झालं. थोरला म्हणाला, "मावशी, आमच्या वडलांची लई इच्छा हुती. तुम्हीच यायचं."

वहिनीने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"टेप हाय की तुमच्याकडं," ती म्हणाली. "तीच लावा."

"तुम्ही सोता आला असता तर..."

"सगळी तिलाच ओळखत्यात. तीच लावा. च्या घ्या, गार व्हालाय."

त्यांनी चहा घेतला आणि निघाले. ती कपबश्या उचलून आत गेली.