तापणाऱ्या गाडीसाठी यवतमाळला

सकाळी सातला दिग्रस सोडलं तेव्हाच ऊन अंगाला चावत होतं. गाडी माझ्या मुलीची, सुजाताची. वरून जुनी, लहान. पण आत तिनं मोठं इंजिन बसवलंय आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र). इंजिन गार ठेवणारा रेडिएटर मात्र जुनाच ठेवला. रविवारी तिची घाटातली शर्यत. मागच्या वेळी इंजिन तापून गॅस्केट (इंजिनाच्या जोडातली पट्टी) जळालं. पुन्हा जळालं तर गाडी विकायची, असं तिनंच ठरवलंय. म्हणून चांगला रेडिएटर आणायला निघालो.

शेजारी बसून इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवायचं काम आधी तिच्या आईचं, कमलचं. कमल गेली त्याला चार महिने झाले. आता ते काम माझ्याकडे आलं. मला जमत नाही, पण दुसरं आहे कोण?

दारव्ह्याला तर्री-पोहे खाल्ले. तर्री झणझणीत, पोहे गार. गाडीचा आवाज ऐकून पोहेवाला म्हणाला, "काका, हे उडते का काय?"

"उडत नाही, उकळते," मी म्हणालो.

पुढं सागाचं रान, सगळं उघडं, पान नाही. यवतमाळच्या अलीकडं चढ लागला आणि काटा लाल पट्टीकडं सरकला.

"सुजा, काटा!"

तिनं हीटर लावला. ऐन उन्हाळ्यात!

"पागल झाली काय?"

"बसा चुपचाप. इंजिनची गरमी आत ओढून राह्यली मी."

तोंडावर भट्टीसारखी हवा आली. तरी काटा उतरेना. शेवटी निंबाखाली गाडी थांबवली. मी रेडिएटरचं टोपण उघडायला हात घातला तर तिनं मनगटच धरलं.

"हात लावू नका! वाफेनं तोंड भाजते." गाडी गार व्हायला तासभर लागला.

यवतमाळात रहीमभाई मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्यानं दोन नवे ॲल्युमिनियमचे रेडिएटर पुढं ठेवले. एकाची जाळी (मधला भाग, ज्यातून हवा जाते) विटेएवढी जाड. दुसरा पातळ, पण रुंद.

"जाड घे," मी म्हणालो. "पाणी जास्त, गरमी कमी. तीस वर्षं कापसाच्या जिनिंग मिलमध्ये मशिनी पाहिल्या मी."

"बाबा, हा रुंद बरा वाटते मले."

"तुले काय समजते? तुह्या समजण्यानंच जळालं ना मागच्या वेळी!"

ती रुंद रेडिएटरवरचा हात काढून मागं सरकली. मी जरा जास्तच बोललो होतो.

रहीमभाई भांडणात पडला नाही. जाड रेडिएटर जागेवर टेकवला, मागचा पंखा सुरू केला आणि वहीचं एक पान फाडून पुढून जाळीला लावलं. हात काढताच पान खाली पडलं. मग रुंद रेडिएटर टेकवला. पान चिकटून बसलं, फडफडलं पण सुटलं नाही.

"पाहिलं, काका? पानी कितीबी भरा, हवा पार नाही झाली तर ते थंडं होईन कसं? या पंख्यात जाड जाळीतून हवा ओढायचा दम नाही. तुम्ही घरच्या कूलरची ताटी (वाळ्याची किंवा भुशाची भिंत) दुप्पट ठासून भरता काय?"

भरली होती. मागच्या उन्हाळ्यात, कमल खाटेवर पडली होती तेव्हा. तिला गार वाटावं म्हणून मी तिन्ही ताट्या ठासून भरल्या. ती म्हणे, "हवा येऊन नाही राह्यली हो." मी तिच्यावर खेकसलो, "तुले काहीच बरं वाटत नाही!"

मी स्टुलावर बसलो. "रुंद बसव," म्हणालो. पाणी मागितलं.

बसवायला दुपार गेली. निघताना रहीमभाई म्हणाला, "सरळ घरी नोका जाऊ. चढ उतरा, पलटून तोच चढ पुरा दाबून चढा. काटा लाल पट्टीत गेला तर वापस या."

उतरलो. वळलो. सुजातानं पाय दाबला. मी सीटमध्ये मागं रेटलो गेलो. काटा मध्यावर आला, मध्य ओलांडला. अजून एक केसभर सरकला आणि तिथंच थांबला. निंबाचं झाड मागं गेलं, चढ संपला, काटा तिथंच.

"तिथंच आहे का?" तिनं विचारलं. तिची नजर रस्त्यावर होती.

"आहे."

पुन्हा वळून घराकडं निघालो तेव्हा मी तिला कूलरची गोष्ट सांगितली. तोवर कोणाला सांगितली नव्हती.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "आईनंच सांगितलं होतं. हासून हासून खोकला लागला होता तिले. म्हणे, तुह्या बापानं माह्यासाठी ताट्या अशा ठासल्या जशी कापसाची गाठ बांधून राह्यला."

मला वाटत होतं, कमल मनात ते घेऊन गेली. चार महिने तेच उगाळत बसलो. ती तर हसली होती. एवढं कळायला मला यवतमाळपर्यंत जावं लागलं.

सुजाता म्हणाली, "बाबा, काटा पाहा ना."

पाहिला. नीट दिसत नव्हता, तरी ठीक आहे म्हणून सांगितलं.