एकटा वीर निघत नाही

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं त्याच संध्याकाळी चुलतकाकांनी विषय काढला. "आता वीराचं काय करायचं ठरवलंस?" हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. आमच्या माहेरच्या देव्हाऱ्यात चांदीचा एक टाक आहे. अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला स्वार. मराठ्यांची फौज सुरतेहून परतताना दिंडोरी-वणीला जी लढाई झाली, तीत आमच्या घराण्यातला कुणीतरी पडला, तोच हा वीर, असं सांगत आले आहेत. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. धुऊन धुऊन त्याचा चेहराही पुसट झाला आहे. नाशकात असे वीर घरोघरी आहेत. धुळवडीला त्यांना ताटात घेऊन, शेजारी लाल कापडात बांधलेला नारळ ठेवून, हलगीच्या तालावर नाचवत गोदावरीवर नेतात, आंघोळ घालतात, मारुतीला भेटवतात आणि परत घरी आणतात. आमच्याकडे हा मान वडिलांचा. गेल्या वर्षीच्या धुळवडीलाही त्यांनी वीर नाचवला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले; त्यांचं वर्ष सरलं नव्हतं म्हणून यंदाच्या धुळवडीला वीर निघालाच नव्हता. मी त्यांची एकुलती एक मुलगी.

काका काही वाईट माणूस नव्हेत. जे त्यांच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं तेच ते मला सांगत होते. वीर मुलाकडे जातो. मुलगा नसेल तर टाक गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडून द्यायचा. त्यांच्या घरी त्यांचा स्वतःचा वीर होता, एका देव्हाऱ्यात दोन ठेवत नाहीत. "आणि ठेवलास तू तुझ्याकडे, तर नाचवणार कोण? तू?" असं म्हणून ते हसले. मी तशी तोंडाळ बाई आहे, ऑफिसात साहेबालाही सोडत नाही, पण तेव्हा मी उठून चहाचे कप आवरायला लागले. खरं सांगायचं तर माझी श्रद्धा तरी कुठे इतकी पक्की होती? चांदीच्या पत्र्यात कुणी स्वार राहतो, हे मला लहानपणीही फारसं पटलेलं नव्हतं. पण तो पत्रा पाण्यात सोडायचा म्हणजे वडिलांना पुन्हा एकदा पोहोचवून यायचं, असं वाटून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी चहाच्या वेळी आमचे हे म्हणाले, "सोडायचाच असेल तर सोड. पण त्याआधी त्याला एकदा त्याची जागा दाखवून आणू." लढाईची नेमकी जागा कोण सांगणार? पण दिंडोरीजवळ रणतळं म्हणतात ते एक ठिकाण आहे, तिथवर जाऊन यावं असं ठरलं. रंगपंचमी दुसऱ्याच दिवशी होती. तो दिवस गेला की वीर पुढच्या होळीपर्यंत देव्हाऱ्याबाहेर निघत नाही, म्हणून रंगपंचमीलाच निघायचं. परत येताना पुलावर थांबून टाक गंगेत सोडायचा, हेही ठरलं. राहिला प्रश्न जाण्याचा. वीर मोटारीत बसत नाही. आजोबांनी एकदा त्याला एसटीतून नेलं होतं, तेव्हा गाडी वाटेत तीनदा बंद पडली, ही गोष्ट वडील रंगवून रंगवून सांगत. मात्र स्वतः ते एकदा त्याला सायकलवरून घेऊन गेले होते. "सायकल म्हणजे पायीच की, पाय तेवढे गोल फिरतात," असा त्यांचा निवाडा. आम्ही नवराबायको गेली काही वर्षं सुटीच्या दिवशी सायकली घेऊन भटकतो. तेव्हा वाहनाची सोय घरातच होती.

पहाटे निघालो. शहरात रंगाची पिंपं भरली जात होती. मखमलाबादकडून बाहेर पडलो आणि हमरस्ता टाळून पाटाच्या कडेचा रस्ता धरला. गाडीतून मी या भागातून कितीदा गेले असेन, पण पाहिलं काहीच नव्हतं. सायकलीला आवाज नसतो. त्यामुळे बागेत द्राक्षं खुडणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येतं, पाण्याची खळखळ ऐकू येते, आणि बगळासुद्धा आपण अगदी जवळ जाईपर्यंत उडत नाही. समोर सातमाळ्याचे डोंगर हळूहळू वर येत होते. या शांत शिवारात कधीकाळी घोडी फेसाळली असतील, माणसं पडली असतील, हे खरंच वाटेना. टाक मी लाल फडक्यात बांधून गळ्यात अडकवला होता. मनात आलं, बाबा रे, तुला तरी ओळखू येतंय का हे? आणि स्वतःचंच हसू आलं. किती तरी दिवसांनी मला बरं वाटत होतं.

दिंडोरी अजून लांब होती, तेवढ्यात माझं मागचं चाक बसलं. इथे आमची खरी गंमत झाली. वीर एकदा उचलला की मारुती येईपर्यंत खाली टेकवायचा नाही, आणि जावयाने त्याला हात लावायचा नाही. म्हणजे मी लाल फडकं छातीशी धरून उभी, आणि हे एकटे उन्हात चाक खोलून बसलेले. ट्यूब बाहेर निघाली, पण चिकटवायचं सोल्युशन नळीतच वाळून गेलेलं. "निघताना बघायला काय झालं होतं?" मी. "तू धरून उभी राहण्यापलीकडे काय करते आहेस?" हे. आमचं असं जुंपलं होतं, तोच समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, डोक्यावर पदर. ती आमच्याकडे आली, माझ्या गळ्यातल्या फडक्याकडे तिने एका डोळ्याने नीट पाहिलं आणि विचारलं, "वीर हाय का तो?"

मी हो म्हणताच तिने वाकून त्या फडक्याला हात लावून नमस्कार केला आणि तिथेच मटकन खाली बसली. मला वाटलं तिला ऊन लागलं. मी विचारलं, "मावशी, काय झालं?" तर म्हणाली, "सकाळधरनं बसले व्हते गं. जोडीला कोनी नाय म्हनून."

घरात नेऊन तिने आम्हाला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. गावात तिला सगळे आक्का म्हणतात. त्यांच्या गावात एकटा वीर कधी निघत नाही. लढाईला कुणी एकटं गेलं होतं का, म्हणून जोडीला निदान एक वीर लागतोच. गावातले बाकीचे वीर धुळवडीला निघाले, आंघोळी करून देव्हाऱ्यात बसले. एकदा बसलेला वीर त्या साली पुन्हा उठत नाही. आक्का नेमक्या त्याच दिवशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या. त्यांचा वीर राहिला. आज शेवटचा दिवस. त्यांनी आतून ताट आणलं. त्यातला टाक नवा कोरा, चकचकीत होता. मी विचारलं, हा कोणाचा? "माझ्या पोराचा," त्या म्हणाल्या.

मुलगा देवळालीला शिकून तोफखान्यात गेला आणि सीमेवरून परत आला नाही. त्याला वीरांत बसवायचं म्हणून त्यांनी टाक करायला दिला. सोनाराकडे ठसा एकच, घोड्यावरच्या स्वाराचा. "म्हनलं, अरे घोडा नको. माझं पोर घोड्याला लय भ्यायचं. लग्नात नवरदेव म्हनून घोड्यावर बसवला, तर रडकुंडीला आला व्हता." हे सांगताना त्या हसल्या, आम्हीही हसलो, आणि हसताहसता माझे डोळे भरून आले. मालक आधीच गेलेले. सून नोकरीला नाशकात. मी न राहवून विचारलं, "मग यांना नाचवतं कोण?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "कोन म्हंजे? मीच की. माझं पोर दुसरं कोन उचलनार?"

पुढचं सगळं फार भराभर झालं. आक्कांनी निरोप धाडला, दोघेजण हलग्या घेऊन आले. त्यांतला एक गावातला पंक्चरवाला निघाला. सणामुळे त्याचं दुकान बंद होतं. "आधी वीर, मग चाक," असं त्याने आमच्या ह्यांना बजावलं. शेजारणींनी माझ्या कपाळाला गुलाल लावला, माझ्यासाठी ताट आणि नारळ आणला. ताट हातात आलं आणि मला काकांचं हसणं आठवलं. वडिलांना नाचवताना मी जन्मभर पाहिलं होतं, कधी ताटाला हात लावला नव्हता. म्हटलं, मला येत नाही. आक्का म्हणाल्या, "येत कुनाला नाय गं. उचल आन् चाल." मी उचललं. हलगी वाजू लागली, आक्का ताट डोक्यावर धरून पुढे झाल्या, आणि मी त्यांच्या मागे. पहिली काही पावलं मी लाजून टाकली. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. वडिलांचा उजवा पाय नाचताना जरा आधी पडायचा. माझाही तसाच पडत होता. हे माझ्या आधी ह्यांच्या लक्षात आलं. अंगात आलं वगैरे म्हणायला माझी जीभ धजत नाही. एवढंच सांगते, की मला थकवा नव्हता, भीती नव्हती, आणि ताटाचं ओझं लागत नव्हतं.

मारुतीच्या आधी वीरांना पाटाच्या पाण्यात आंघोळ. आम्ही दोघी पायऱ्यांवर उतरलो. टाक तळहातावर घेऊन मी पाण्यात हात घातला. पाणी गार होतं आणि वेगात होतं. नुसती बोटं सैल केली असती, तर ठरलेलं काम तिथेच झालं असतं. संध्याकाळी पुलावर जे करायचं ते इथे करून मोकळं व्हावं, असं क्षणभर मनात आलंही. आक्कांना मी यातलं काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं. त्या आपल्या पोराला चोळून चोळून आंघोळ घालत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "घट्ट धर गं पोरी. पाटाला ओढ लय हाय."

मी मूठ मिटली. तिथेच पायरीवर बसून मी रडले, वर्षभराचं रडले. आक्कांनी ओल्या हाताने माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, चल, मारुती थांबलाय.

त्या दिवशी रणतळ्यापर्यंत आम्ही गेलोच नाही. चाक दुरुस्त होऊन, पुरणपोळी खाऊन निघेस्तोवर उन्हं कलली होती. निघताना आक्का ह्यांना म्हणाल्या, "दाजी, पुढल्या धुळवडीला आना हिला. आता जोडी झालीय, मोडायची नाय." शहरात शिरताना पूल आला. हे पुढे होते. त्यांनी वेग कमी केला, एक पाय टेकवला आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. गंगा संथ वाहत होती. तिला मी हात जोडले आणि पॅडल मारलं.

काकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे. पण तुझ्यानंतर कोण?" आधीची मी असते तर भांडले असते. मी म्हटलं, "काका, ते मला माहीत नाही. त्याची काळजी देवाला." आणि हे बोलताना मला जाणवलं की मी उद्धटपणे बोलत नाहीये, मला खरंच तसं वाटतंय. इतकी वर्षं मी देवाशी वाद घालत आले, की तू असशील तर दाखव. त्या दिवशी त्याने मला काही दाखवलं नाही. एका म्हातारीच्या दारात चाक पंक्चर केलं आणि एक काम सांगितलं. मला मदत मिळाली असं मी म्हणते, आणि आक्का म्हणतात की त्यांना मिळाली. दोघींचं खरं असावं. आपण कोणासाठी पाठवलेलो असतो हे आपल्याला कळत नाही, आणि कळायची गरजही नसते. उचलायचं आणि चालायचं, एवढंच आपल्याकडे. ज्याने हे मला शिकवलं त्याचे उपकार मी कोणत्या तोंडाने मानू?

आक्कांचा अधूनमधून फोन येतो. डोळा आता बरा आहे. पाऊसपाणी, द्राक्षं, सून, सगळं बोलून होतं. ठेवायच्या आधी त्या न चुकता विचारतात, "तुझा बरा हाय ना?" मी देव्हाऱ्याकडे बघते आणि म्हणते, "बरा आहे. आणि तुमचा?"

"माझा बी बरा हाय," आक्का म्हणतात.