न निघणारी सुई

आमच्या घरी रेकॉर्ड प्लेअरला दोन कार्ट्रिजं होती. कार्ट्रिज म्हणजे तो बोटाच्या पेराएवढा तुकडा, ज्याच्या खाली सुई असते. एक जुनं, लग्नानंतर दोन-तीन वर्षांत घेतलेलं. दुसरं यांनी रेल्वेतून रिटायर झाल्यावर, मुंबईला गेलेल्या एका जुन्या दोस्ताकडून मागवलं. जुन्यात सुईच्या मागे इवलंसं चुंबक हलतं, नव्यात चुंबक जागच्या जागी आणि तारेची गुंडाळी हलते. एवढाच फरक, असं मी म्हणायची, आणि हे कपाळाला हात लावायचे.

"एवढाच? अवो, डोक्यावर भरलेला हंडा घेऊन नाचणं अन् मोकळ्या अंगानं नाचणं, यात फरक नाही का? ती तार केसापेक्षा बारीक आहे. तिले वजनच नाही. गाणारी बाई श्वास घेते तोबी उचलते ती."

पण त्या बारीक तारेचा आवाजही बारीकच. तो मोठा करायला आणखी एक पेटी लागायची, ती चालू असली की तिच्यावर हिरवा लाइट. नवं लावायचं म्हटलं की पेटी जोडा, जुनं लावायचं की पेटी काढा. मी म्हणायची, बाई गाते कमी आणि मानपान जास्त.

दुपारी जेवणं झाली की परीक्षा. "डोये मीट." मी मिटायची. हे खुडबुड करून प्लेअरच्या दांड्याच्या टोकाचा तुकडा बदलायचे, तेवढ्यात माझी एक डुलकी व्हायची. मग तीच ठुमरी, आधी एका सुईवर, मग दुसरीवर. दुसऱ्या कडव्याच्या आधी गाणारी बाई श्वास घेते, तिथं हे बोट वर करायचे.

"सांग, कोणती?"

"मले तं दोन्ही सारख्याच वाटून राहिल्या."

"तुह्या कानात फोडणीच बसली आहे."

आता लिहायला हरकत नाही. मला ऐकू यायचा तो श्वास. पहिल्याच दिवशी आला होता. नव्या सुईवर ती बाई अगदी आपल्या बाजूला बसून दम घेते असं वाटायचं, जुनीवर ती जागा नुसतीच रिकामी जायची. पण मी कबूल केलं असतं तर परीक्षा संपली असती ना! मला त्या दुपारी हव्या होत्या. म्हणून दोन वर्षं मी नापास होत राहिले.

तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. जिकडे पाहावं तिकडे खोदून ठेवलेलं. बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता यायचं. सुईवरही धूळ बसायची. जुन्या कार्ट्रिजची सुई पुढे ओढली की दातासारखी निघून हातात यायची. मी ती ब्रशानं साफ करून परत खुपसायची. इतकी वर्षं ते काम माझंच. नव्याला मात्र हे मला हात लावू द्यायचे नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मग हे आजारी पडले. दवाखान्यात बरेच दिवस गेले आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. त्याचा अर्थ मला कळला. यांनाही कळला असावा. मला म्हणाले, "घरी गेल्यावर नवीवाली लावजो. एक डाव ऐकू दे."

दिवाळी जवळ होती. हे यायच्या आदल्या दिवशी मी सगळं घर घासून काढलं. शेवटी प्लेअर. नव्या सुईला धुळीचा पुंजका लागलेला दिसला. मी सवयीनं चिमटीत धरून ओढली. निघेना. अडकली असेल म्हणून जरा जोरानं ओढली.

आवाजसुद्धा झाला नाही. सुईची केसाएवढी दांडी माझ्या बोटाला चिकटून आली.

पदराखाली झाकून गल्लीतल्या रेडिओवाल्याकडे नेलं. त्यानं भिंग लावून पाहिलं. "माताजी, सुई तो पुरानी वाली की निकलती है. इसकी नहीं निकलती. ये पूरी की पूरी बाहर भेजनी पड़ेगी. डेढ़-दो महीना तो लगेगा."

दीड-दोन महिने. डॉक्टरांनी तेवढे दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांना प्लेअरच्या समोरच्या पलंगावर निजवलं. मी जुनं कार्ट्रिज लावलं. सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच सांगते. पण यांनी विचारलं, "नवीच आहे ना?" आणि मी म्हणाले, "हव, नवीच."

ठुमरी सुरू झाली. हे डोळे उघडे ठेवून ऐकत होते. दुसऱ्या कडव्याच्या आधी, नेमकं तिथं, रजईवरचं बोट वर आलं. बाईचा श्वास आला नाही. कुठून येणार?

"ऐकला?" यांनी विचारलं.

"ऐकला," मी म्हणाले. "नेहमीच ऐकू येते मले. पयल्या दिवसापासून."

हे हसले. "माहीत आहे," म्हणाले.

त्यानंतर आठ दिवसांनी गेले.

तेरावं झाल्यावर पलंग हलवायच्या आधी मी जरा वेळ त्यावर पडले होते, यांच्याच उशीवर. समोर ती पेटी. बरोबर डोळ्यांसमोर. तेव्हा कुठं लक्षात आलं. जुनी सुई लावताना मी पेटी काढून तिथंच बाजूला ठेवली होती, तिचा हिरवा लाइट बंद होता. तो लाइट बंद असताना नवी सुई वाजूच शकत नाही, हे मला शिकवलं कोणी? यांनीच. तासभर त्या बंद लाइटकडे बघत हे पडून होते, आणि तरी बोट वर केलं. मी काय मोडून बसले ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

आमची पोट्टी तेलीबांध्याला राहते. ती आली की म्हणते, "आई, भेज देते हैं ना, ठीक हो जाएगी." मी म्हणते राहू दे. ते कार्ट्रिज कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवलं आहे. कधीमधी दुपारी मी जुनीवरच ती ठुमरी लावते. दुसऱ्या कडव्याच्या आधीची जागा रिकामीच जाते. तिथं माझं बोट वर येतं, आणि मी पलंग होता त्या जागेकडे पाहते.