फरचं वाण

काळा टेडी कोणी घेत नाही, हे ज्ञान मला बुलढाण्यात मिळालं. गाड्यांची सीटकव्हरं आणि लेकरांची मऊ खेळणी शिवायचं कापड विकणारं एक दुकान आहे, तिथे मी शिलाई मशीनचा पट्टा मिळतो का पाहायला शिरले होते. पट्टा नव्हता. कोपऱ्यात मात्र काळ्या फरचा एक गठ्ठा पडलेला होता, खोट्या फरचा, आणि मी सहज त्यावरून हात फिरवला. झालं! तो हात काही मला परत घेता येईना.

"घेऊन जा ताई," दुकानदार म्हणाला. "पांढरं जाते, गुलाबी जाते, हे काळं कोणी घेत नाई. लेकरं भेतात त्याले."

दुसऱ्या कोणत्याही महिन्यात मीही घेतलं नसतं. पण संक्रांत दहा दिवसांवर आली होती, आणि वर्षातून हा एकच सण असा की काळं अंगावर घातलं तर कोणी नाक मुरडत नाही, उलट कौतुक करतात. शिवाय थंडी अशी की सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नव्हतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: यंदा वाण हेच! हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या वाट्या, साबणदाण्या आणि चहाच्या गाळण्याच वाण म्हणून मिळत होत्या. एकट्या माझ्याच घरात सात गाळण्या आहेत. यंदा मी देणार होते गळ्यात घालायचे काळ्या फरचे मफलर, घरी शिवलेले, चांगले एकवीस. मला दुकानातच हसू फुटलं.

येताना चिखलीला गाडी बदलली. गठ्ठा मांडीवर घेऊन बसले, तर शेजारची म्हातारी जरा सरकून बसली.

"काय हाय वं त्यात? जित्तं हाय काय?"

"नाही आजी, कापड आहे."

तिने एक बोट टोचून पाहिलं, मग तळवा ठेवला, मग त्यावर गाल टेकवला आणि जानेफळ येईपर्यंत ती ढाराढूर झोपली. मला उतरताना तिला उठवायचं जिवावर आलं.

आता खरं कारण सांगते, कारण नुसत्या मफलरसाठी मी एवढी उतावीळ झाले नव्हते. जानेफळला आमच्या घरी आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाई म्हणजे एके काळी गल्लीतल्या प्रत्येक हळदीकुंकवाचा जीव. उखाणा घेतल्याशिवाय त्या एकाही बाईला उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत, आणि लाजणाऱ्या नव्या सुनेच्या वतीने स्वतःच उखाणा रचून मोकळ्या व्हायच्या. सासरे गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्या मागच्या खोलीत जातात, दार लोटून घेतात आणि वाती वळत बसतात. त्यांच्या स्वतःच्या घरात! त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं. पण कोणी हात धरून बसवलंही नव्हतं, आणि त्या कोणीमध्ये मीही आले. दोन वर्षं मी वाद घातला, एकदा तर रागाने ताटलीच आपटली. त्यांचं उत्तर ठरलेलं, "उगा बायायचा सण नासवू नको."

म्हणून यंदा वाद घालायचा नाही, कट करायचा, असं ठरवलं. एकवीस मफलर एकटीने होणार नाहीत. दहा दिवस जी बाई वाणासाठी राबेल ती त्या दिवशी आत जाऊन बसेल कशी? माझ्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

ती हुशारी पहिल्याच मफलरला बाहेर आली. मी ब्लाउज शिवणारी. कापड दुहेरी करायचं, खडूने आखायचं आणि कात्री चालवायची, हे माझ्या हाताला बसलेलं. फरवरही मी तेच केलं. कात्री एकदा कचकन चालली आणि घरात काळं वादळ उठलं. केस नाकात, केस पाण्याच्या माठावर, केस पोळपाटावर. त्यात मी सकाळीच तिळाचे लाडू वळून सुपात पसरून ठेवलेले. दुपारी नवऱ्याने लाडू तोंडात टाकला, चावता चावता थांबला आणि जिभेवरून एक लांब काळा केस ओढून काढला. मग दुसरा. मग त्याने माझ्या डोक्याकडे अशा काळजीने पाहिलं की मी हसून जमिनीवरच बसले.

हसण्याचा आवाज ऐकून आत्याबाई आल्या. त्यांनी माझा पहिला मफलर उचलला. कडा न्हाव्याने अर्धवट सोडलेल्या डोक्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हात फिरवला. अर्ध्यापर्यंत केस गुपचूप झोपले, अर्ध्यापासून उभे राहिले.

"हे अर्धं खाली चाललं, अर्धं वर चाललं," त्या म्हणाल्या. "घडी काऊन घातली तू? गाईच्या पाठीवरून हात फिरवला नाई काय कधी? केसायले दिशा असते."

मग त्यांनी कापड उलटं केलं, मागच्या कापडी बाजूवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "केस तं अठून उगोले. मंग कापाचं बी अठूनच. वरून कात्री मारशीन तं केस तुटनच ना."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या डबीतून दाढीच्या ब्लेडांचं अर्धं पाकीट घेऊन आल्या. सासऱ्यांचं. "पडून राह्यले होते," एवढंच म्हणाल्या. पाठीकडून ब्लेडने नुसतं मागचं कापड चिरायचं, मग दोन्ही हातांनी कापड अलगद फाकवायचं. केस आपापल्या बाजूने सुटे होत गेले, एकही तुटला नाही. मी तोंडात बोट घालून पाहत राहिले. मशीन माझी, क्लास मी केलेला, आणि शिकवत होत्या त्या.

दुसरं शिवणीचं. फरची सुलट बाजू आत ठेवून शिवलं की केस शिवणीत अडकतात आणि उलटवल्यावर तिथे टक्कल पडल्यासारखी रेघ दिसते. आत्याबाईंनी सोयाबीनची पोती शिवायचा दाभण आणला. त्या लांब जाड सुईच्या टोकाने त्या शिवणीत दबलेला एकेक केस अशा उचलायच्या की पाहता पाहता रेघ नाहीशी व्हायची. मी शिवायचे, त्या उकरायच्या. प्रत्येक मफलरच्या एका टोकाला खाच ठेवली होती, दुसरं टोक त्यातून ओढून घेतलं की गळ्याशी घट्ट बसावं म्हणून. अंगणात ऊन अंगावर घेत आमचा कारखाना चालला होता.

आणि आम्ही हसायचो किती! एका दुपारी त्यांनी कापलेली एक पट्टी नाकाखाली धरली, मान ताठ केली आणि सासऱ्यांच्या आवाजात ओरडल्या, "चहा झाला काय वं? का दूध आण्याले म्हैस गेली बाजारात?" हुबेहूब! मला उचकी लागली. त्यांनाही हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला, आणि शेवटी शेवटी तो पदर नुसता हसण्यासाठी नव्हता, हे मला कळलं. मी मशीनचं पायडल मारत राहिले. थोड्या वेळाने त्या शांतपणे म्हणाल्या, "वाण मस्त होऊन राह्यलं. पण त्या दिवशी मी आतच बसन, सांगून ठेवतो. मांगं लागू नको."

माझा कट त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होता तर! मला इतका राग आला की त्या मफलरची शिवण तिरकी गेली आणि उसवावी लागली.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी बायका आल्या. आत्याबाई ठरल्याप्रमाणे आत, दार लोटलेलं. मी हळदीकुंकू लावायचे, लाडू द्यायचे आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या गळ्यात स्वतःच्या हाताने मफलर घालायचे. गाळणी नाही म्हटल्यावर आधी कोणाचा विश्वासच बसेना. मग जो काही कल्ला झाला! एकमेकींच्या गळ्यांवरून हात फिरवणं, गाल घासणं, फोटो. सतरंजीवर अठरा बायका काळ्या साड्यांत आणि काळ्या फरमध्ये अशा दाटीने बसल्या होत्या की कोण कुठे संपते आणि कोण सुरू होते ते कळत नव्हतं.

सगळ्यांत जास्त रंगात आल्या होत्या समोरच्या घरातल्या मॅडम, शाळेत शिकवतात त्या. फोटोसाठी त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, मफलरचं टोक खाचेतून आणखी जोरात ओढलं आणि एकदम किंचाळल्या, "आई वं! माही पोत!"

पोत म्हणजे मंगळसूत्र. बारीक काळ्या मण्यांची दुपदरी पोत खाचेच्या शिवणीत शिरली होती आणि काळ्या केसांत अशी गुरफटली होती की मणी कोणते आणि केस कोणते, देवालाच ठाऊक. मॅडमची हनुवटी छातीला चिकटली. मान वर केली की दोरा ताणायचा.

"कात्री आणा," कोणीतरी म्हणालं.

"कात्री नोको!" पाच जणी एकदम ओरडल्या. पोतीजवळ कात्री, तीही हळदीकुंकवात! ओढायची हिंमत कोणाची नाही. तुटली तर? मी बोटं घातली, गुंता आणखी वाढला. मॅडम पार रडकुंडीला आल्या होत्या, आणि त्यांना तशा वाकलेल्या पाहून मागच्या दोघी तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

"कोणी ओढू नका! हालू नका वं!"

मागच्या खोलीचं दार उघडलं होतं. आत्याबाई हातात दाभण घेऊन तरातरा आल्या, बायकांमधून वाट काढत थेट मॅडमसमोर मांडी घालून बसल्या. दाभणाचं टोक केसांत घातलं. मग अचानक थांबल्या. त्यांचा दुसरा हात पोतीपासून चार बोटांवर तसाच अधांतरी राहिला. मागच्या दोघींनी तोंडातला पदर काढला. आपण कुठे बसलो आहोत आणि कशाला हात लावतो आहोत, ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं असावं.

"मी लावू काय हात?" त्यांनी हळूच विचारलं.

मॅडमना मान वर करता येत नव्हती. त्या मांडीकडे पाहतच खेकसल्या, "काकू, माही मान मोडून राह्यली अन् तुमी इचारत काय बसल्या? लावा ना!"

आधी आत्याबाईच हसल्या. मग सगळ्याच. त्यांनी एकेक केस उचलला, एकेक मणी मोकळा केला, आणि पोत न तुटता सुटली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आणखी एकीची अडकली. खरंच अडकली. मग तिसरीची, आणि तिची मात्र मुद्दाम, कारण मी तिला बोटाने पीळ देताना पाहिलं. "काकू, माही बी पाहा ना." बायका त्यांच्याभोवती सरकत गेल्या. आत्याबाई सतरंजीच्या मधोमध दाभण चालवत होत्या आणि प्रत्येक पोत सोडवायच्या आधी उखाणा मागत होत्या. मला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं. मी नुसती ताट धरून उभी होते.

दोघीतिघी आल्याच नव्हत्या, त्यामुळे वाण उरलं होतं. मी एक मफलर आत्याबाईंच्या गळ्यात घातला. मॅडमनी माझ्या ताटातली हळद बोटावर घेऊन त्यांच्या कपाळाला लावली, मग बोट कुंकवाकडे नेलं. आत्याबाईंनी त्यांचं मनगट धरलं, पण सोडलंही लगेच. "हळद पुरे," त्या म्हणाल्या. "मले हळद आवडते."

मी लाडू पुढे केला, त्यांनी घेतला आणि सवयीने आधी त्यात केस आहे का ते पाहिलं.

निघताना मॅडम उंबऱ्यात थांबल्या. "उद्या माह्या घरी हळदीकुंकू हाय काकू. सगळ्याजणी हेच घालून येतीन. तुमी दाभण घेऊन या बरं."

आत्याबाई सतरंजी गोळा करत होत्या. त्यांनी सतरंजी खाली ठेवली.

"दाभण नाई आणला," त्यांनी विचारलं, "तं चालन काय?"

मॅडम चप्पल घालायची थांबल्या. मग परत आत आल्या आणि त्यांनी आत्याबाईंचे दोन्ही हात धरले.

"हाव, काकू," त्या म्हणाल्या. "दाभण राहू द्या घरी."